आळशी बोट

कॅलिपरचा गार जबडा बोटाच्या बुडाशी टेकवून
गाराझी म्हणाली, हलू नका.
आन्जेलू म्हणाला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी
हलायची हौस कुणाला आहे?
पण हे बोट तुझं ऐकायचं नाही, पोरी.

उजव्या हाताची अनामिका तीनदा मोडलेली.
एकदा जिंकताना, दोनदा हरताना.
बसली तशी बसली, वडाच्या पारंबीसारखी नाही,
सफरचंदाच्या खुडलेल्या फांदीसारखी.
मोजायचं कुठून, कुठपर्यंत?

बास्क डोंगरातल्या त्या गावात
चर्चच्या भिंतीची आतली बाजू देवाची,
बाहेरची चेंडूची.
कातडी चेंडू, दगडासारखा, उघड्या पंजाने मारायचा.
गाराझीने बेचाळीस खेळाडू मोजले आहेत.
तर्जनीला अनामिकेने भागायचं.
भागाकार जितका कमी, तितका खेळाडू भारी,
असं काही जण म्हणतात.
काही जण म्हणतात, छे.
आईच्या पोटातच ठरतं म्हणे सगळं,
कुणी टाळी वाजवायच्या कितीतरी आधी.

आपण अनामिका म्हणतो, जिला नावच नाही.
त्यांच्या बोलीत ते आळशी बोट.
आन्जेलू हसला :
आळशी? याच्याच जोरावर आमच्या घरावर कौलं चढली.

फॉर्मवर पुढचा प्रश्न :
उजवा, डावा, की दोन्ही?
त्याने पेन उजव्या हातात घेतलं
आणि 'डावा'वर खूण केली.
गाराझीने भुवई उचलली.
मग सांगावंच लागलं त्याला
शाळेतल्या त्या मास्तरबद्दल, ज्याच्याकडे रुमाल होता, निळ्या काठाचा.
डावा हात बाकाला बांधून ठेवायचा, चार वर्षं.
अक्षर अजून त्याचंच आहे,
मान खाली घातलेलं.
पण भिंतीसमोर कुणाचा रुमाल पोचत नव्हता.
चेंडू डाव्या भिंतीला घासून खाली येतो तेव्हा
उजवे भले भले आखडतात.
मी फक्त हात पुढे करायचो.
जो हात शाळेत चूक होता
तोच डावात बरोबर.
यासाठी रकाना आहे का तुझ्याकडे?

नव्हता.

हात सुजायचा, पावासारखा.
मग जमिनीवर पालथा ठेवायचा
आणि कुणीतरी त्यावर उभं राहायचं,
रक्त पांगेपर्यंत.
कोण उभं राहायचं? गाराझीने विचारलं,
बहुतेक नुसतं विचारायचं म्हणून.

दारातून आवाज आला : मी.

गाशुशा, त्याची थोरली बहीण,
कोपरापर्यंत पिठात.
अनवाणी उभी राहायचे मी, ती म्हणाली,
आणि हा रडायचा.
चर्चमागे पहाटे खेळायचो आम्ही,
घंटा वाजायच्या आत.
विचार त्याला, किती वेळा जिंकला.

आन्जेलूने खिडकीबाहेर पाहिलं.
बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, एक मेंढी होती.
दोनदा, तो म्हणाला.
त्यातल्या एकदा हिला ताप होता.

गाशुशाने हात फडक्याला पुसून
न सांगता टेबलावर ठेवला.
डावा.
गाराझीने मोजलं. पुन्हा मोजलं.
मग उजवा.
मग कॅलिपर शून्यावर आणून पुन्हा डावा.
बेचाळीस जणांत असा आकडा कुणाचाच नव्हता,
त्रेचाळिसावा आन्जेलूही धरला तरी.

पण प्रबंध नोंदणीकृत खेळाडूंचा.
गाशुशाचं नाव कुठल्याच यादीत नाही.
तिच्या वेळी यादी करणाऱ्यांनी
डावं-उजवं केलं होतं,
आणि ते हातांचं नव्हतं.

गाराझीने तो आकडा समासात लिहिला,
पेन्सिलीने,
मग पेन्सिल ठेवून पेनने गिरवला.
त्याचं काय करायचं हे तिला माहीत नाही.
तिचे सर म्हणतील, एका माणसावरून काय सिद्ध होतं?
खरंच आहे. काहीच होत नाही.

किती आलं? आन्जेलूने विचारलं.
गाराझीने सांगितलं.
तो बराच वेळ आपलं मोडकं बोट
दुसऱ्या हाताने चोळत बसला,
आणि गाशुशा म्हणाली,
झालं ना? सोड हात.
पीठ फुगून भांड्याबाहेर आलं असेल.